वहिनीचा बळी

भित्र्या माणसांचं संमेलन भरलं असतं तर अध्यक्षपद आमच्या वहिनीकडे चालत आलं असतं, आणि ते येतंय हे ऐकूनच तिला ताप भरला असता.

चंद्रप्रभा तिचं नाव. माझा थोरला भाऊ शांताराम, त्याची ही बायको. लग्न झाल्यावर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ती थेट दिल्लीला, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. नवी दिल्ली स्टेशनवर उतरताना जी घाबरली ती जन्मभर घाबरलेलीच राहिली. पाल, वीज, तार घेऊन येणारा पोस्टमन, टेलिफोनची घंटा, उंच आवाजात बोलणारे शेजारी, ती कशालाही भ्यायची. केंद्र सरकारच्या एका खात्यात ती टायपिस्ट होती. तिच्या टायपिंगमध्ये कधी चूक सापडली नाही, आणि त्याचं श्रेय मी तरी कौशल्यापेक्षा भीतीलाच देते.

दादा गेल्यावर आम्ही दोघी द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी लग्न केलं नाही, सरकारी शाळेत गणित शिकवलं. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आणि तिचा समोरच्या माणसालाही पुन्हा विचारायला लावणारा, त्यामुळे आमचं घर बरं चाललं होतं. द्वारकेत तेव्हा मेट्रो यायची होती, नुसते खांब उभे होते. सोसायट्यांच्या मधे रिकामे प्लॉट, आणि प्लॉटांच्या पलीकडे जुनी गावं, म्हशींसकट.

वहिनीला हिंदी येत नव्हती असं नाही. दूध, भाजी, ऑफिस सगळं ती हिंदीत निभावायची. पण घाबरली की तिची हिंदी सगळ्यात आधी पळून जायची. एकदा आमच्या लिफ्टने चौथ्या मजल्यावर गचका खाल्ला आणि दार उघडलं. वहिनी किंचाळली, "भैया, खाली करो! लिफ्ट जल्दी खाली करो!" तिला म्हणायचं होतं, खाली न्या. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. लिफ्टवाला आज्ञाधारक होता. त्याने एक सरदारजी, त्यांचा गॅसचा सिलिंडर, दोन शाळकरी मुली आणि शेवटी खुद्द वहिनी, अशा सगळ्यांना बाहेर काढून लिफ्ट खाली केली. मी महिनाभर हसत होते. ती महिनाभर जिन्याने जात होती.

अशी ही बाई रोज सकाळी एकटी एका पडक्या घुमटीत जाऊन बसायची, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

त्याची सुरुवात पानिपतला झाली. दादा असताना एका संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बसने आम्ही काला अंबला गेलो होतो. स्मारकापाशी भाषणं चालली होती. सव्वा लाख बांगडी फुटली वगैरे सगळं झालं, पुरुषमंडळींचे गळे दाटून आले. वहिनी दिसेना म्हणून मी शोधायला गेले, तर ती मागच्या बाजूला जमिनीवर बसली होती. वाळकी पानं आणि शेताच्या कडेला गळलेली मोहरीची फुलं घेऊन ती पावलं मांडत होती. पानांची टाच, फुलांची बोटं. एकामागे एक पावलं, सगळी दक्षिणेकडे तोंड केलेली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"घरी चाललेत," ती म्हणाली. "कुणी तरी पोचलं असेल ना?"

त्या सगळ्या भाषणांनी माझ्या डोळ्याला टिपूस आलं नव्हतं. त्या पावलांनी आणलं. मग मंडळाचे एक पदाधिकारी चहाचा कागदी कप घेऊन त्यावरून चालत गेले, तो भाग वेगळा.

द्वारकेत आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे ती घुमटी होती. कुण्या लोदीच्या काळातली म्हणतात. आत कोण झोपलंय ते कुणालाच माहीत नाही. मोठा दगडी चौथरा, वर घुमट, आजूबाजूला बिननावाच्या कबरी आणि एक म्हातारा पिंपळ. वहिनी त्या चौथऱ्यावर मांडायची. 'मांडणं' हाच तिचा शब्द. कला वगैरे म्हटलं असतं तर तिने ते बंदच केलं असतं. काटेसावरीची लाल फुलं, बहाव्याच्या पाकळ्या, निंबोळ्या, बाभळीच्या शेंगा, पिंपळाची पिवळी पानं. तोडायचं काही नाही, पडलेलं तेवढंच घ्यायचं. घुमटाची सावली चौथऱ्यावर पडायची, त्या सावलीची कड धरून ती शेंगांची ओळ लावायची. सावली सरकायची, ओळ तिथेच राहायची, आणि मग दोन्हींच्या मधे जी जागा उरायची तिच्याकडे ती बघत बसायची. दुपारपर्यंत वारा आणि म्हशी मिळून सगळं पुसून टाकायच्या.

"कबरींत बसतेस, भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"वाटते ना. पण हात कामात असले की भीतीला बसायला जागा होत नाही. ती बाजूला उभी राहते."

त्या म्हशी भरपाई नावाच्या म्हातारीच्या. भरपाई हे तिकडे बाईचं नाव असतं. मुली पुष्कळ झाल्या, आता भरून पावलो म्हणून ठेवतात, आपल्याकडे नकुशी ठेवतात तसं. पिंपळाखाली तिच्या गोवऱ्यांची रास असायची. तिची नात मोनी, चार-पाच वर्षांची, वहिनीच्या जवळ उकिडवी बसून निंबोळ्या हातात द्यायची. दोघींचं फारसं बोलणं नव्हतं. दोघी एकमेकींना घाबरत नव्हत्या, एवढं वहिनीला पुरेसं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक अफवा सुटली. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, कुणी म्हणे साधूच्या वेषात, कुणी म्हणे बायकाच आहेत. गावात रात्री लाठ्या घेऊन पहारे सुरू झाले. पलीकडच्या सेक्टरमध्ये एका भंगारवाल्याला लोकांनी बेदम मारलं. मी वहिनीला म्हटलं, काही दिवस जाऊ नकोस. ती म्हणाली, पाडव्याला एकदाच जाते.

पाडवा म्हणजे बळीप्रतिपदा. तिच्या माहेरी अंगणात बळीराजा मांडायची रीत. वामनाने ज्याला पायाखाली घालून पाताळात ढकललं, तो दानशूर राजा वर्षातून एकदा प्रजेला भेटायला वर येतो, म्हणून त्याचं स्वागत करायचं. शेणामातीचा उताणा झोपलेला राजा, अंगावर धान्य आणि फुलं. दिल्लीत इतकी वर्षं ती बाल्कनीत वीतभर बळी करायची आणि शेणाच्या वासाने शेजारीण नाक धरायची. त्या वर्षी तिला तो मोकळ्या जागेत, हातपाय पसरलेला हवा होता. भरपाईकडून शेण आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

ती सकाळी उजाडताच गेली. मी मागाहून पूजेचं ताट, निरांजन आणि ती हमखास विसरते ती काडेपेटी घेऊन निघाले.

प्लॉट ओलांडला तेव्हा आवाज कानावर आला. आधी वाटलं, फटाके बघायला पोरं जमलीयत. मग चौथऱ्याभोवती माणसं दिसली. लाठ्या दिसल्या. एक बाई छाती पिटत रडत होती. आणि त्या सगळ्या कालव्यात एकच शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

"बलि दी है! बलि दी है इसने!"

माझ्या हातातलं ताट कधी पडलं ते मला आठवत नाही. काय घडलं असणार ते माझ्या तिथल्या तिथे लक्षात आलं. आनंदीबाईने ध चा मा केला म्हणतात. आमच्या वहिनीने ळ चा ल केला होता. कुणी तरी विचारलं असणार, ये क्या है? आणि तिने भाबडेपणाने सांगितलं असणार, ये बलि है, आज हमारा बलि है. आपल्याकडेही बळी देतात असं म्हणतातच, पण पाडव्याच्या सकाळी बळी म्हटलं की आपल्याला राजाच दिसतो. त्या लोकांना काय दिसत होतं? थडग्याच्या चौथऱ्यावर मुलाएवढी मातीची आकृती, छातीवर कुंकू, अंगावर लाल झेंडू. शेजारी जमिनीशी कुजबुजणारी एक अनोळखी म्हातारी. आणि भरपाईची मोनी सकाळपासून घरात नव्हती.

मी गर्दीत घुसले. पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला सांगू? कोपर मारत पुढे गेले. वहिनी चौथऱ्यावर गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही तळवे दगडाला टेकलेले. चष्मा नव्हता. पदराचा काठ फाटला होता. बळीराजाचा एक हात कुणी तरी लाथेने उडवला होता. एक तरुण तिचे केस धरून, पोरगी कुठेय म्हणून ओरडत होता, "छोरी कित सै? बोल!"

"खाली," वहिनी म्हणाली. "खाली... खाली..."

"के खाली? के कर दिया खाली?"

"ये मेरी भाभी है!" मी ओरडले. "छोड़ो! ये राजा बलि है, हमारे यहाँ पूजा होती है, त्योहार है आज!" कोण ऐकतंय? "ये भी उसके साथ की है," मागून कुणी तरी म्हणालं आणि माझा दंड कुणीतरी मागे पिरगळला. कुणी तरी रॉकेल, रॉकेल म्हणालं. मी तो शब्द ऐकला आणि मला कळलं की आम्ही दोघी आज इथून घरी जाणार नाही. मी वहिनीकडे पाहिलं, म्हटलं शेवटचं एकदा बघून घ्यावं.

तिचे डोळे माझ्यावर होते. भीतीने नुसते पांढरे झालेले. ओठ हलत होते. "नीला, खाली," ती म्हणाली. "खाली गं."

त्या क्षणी मला ती लिफ्ट आठवली.

"वहिनी," मी मराठीत विचारलं, "काय आहे खाली?"

"पोर आहे. ह्याच्या खाली. मघापासून रडतंय. आता रडायचंही थांबलं गं!"

तीस वर्षं पोरांवर ओरडून कमावलेला जो आवाज होता तो सगळाच्या सगळा मी तिथे काढला. "चुप! सब के सब एकदम चुप!" सरकारी शाळेत शिकलेली असणार ती माणसं, कारण ती गप्प झाली. "बच्ची नीचे है. इस पत्थर के नीचे. कान लगाओ!"

केस धरणाऱ्या त्या तरुणाने केस सोडले आणि दगडाला कान लावला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. पिंपळाची पानं सळसळली तेवढाच आवाज. मग त्याचा चेहरा बदलला. त्याचं नाव मला कधी कळलं नाही, पण तो चेहरा मी विसरणार नाही. "चाचा," तो म्हणाला, "सै. नीचै सै."

चौथऱ्याच्या मागच्या बाजूला गोवऱ्यांच्या राशीआड कुत्रीने बीळ उकरलं होतं. आत पिल्लं होती. पिल्लं बघायला मोनी आत सरपटली, आणि वरची माती तिच्यामागे ढासळली. आम्हाला मारायला आणलेल्या लाठ्यांनी त्या माणसांनी माती उकरली, मग हातांनी. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मी तेवढा वेळ देवाचं नाव घेत होते, आणि ते पोरीसाठी घेत होते की आमच्यासाठी, हे मला अजून नक्की माहीत नाही. ती पोर जिवंत निघाली नसती तर आमचं काय झालं असतं, हा विचार आजही मला संध्याकाळी एकटीला असताना गाठतो.

निघाली. मातीने माखलेली, ओठ निळे, बगलेत एक पिल्लू घट्ट धरलेलं. गावभर नातीला शोधून तेवढ्यात धापा टाकत आलेल्या भरपाईने तिला छातीशी घेतलं तेव्हा ती खोकली आणि मग तिने असं भोकाड पसरलं की सगळी गर्दी हसली. जी गर्दी घटकेपूर्वी रॉकेल मागत होती, तीच. कुणी माफी मागितली नाही. त्या तरुणाने वहिनीचा चष्मा गवतातून शोधून काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवून मान खाली घालून निघून गेला.

भरपाई मात्र थांबली. नातीला कडेवर घेऊन ती त्या तुटक्या बळीराजासमोर उभी राहिली, आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अरी, यो तो म्हारा गोरधन सै!"

त्याच दिवशी त्यांच्याकडे गोवर्धनाची पूजा असते. त्यांचा गोवर्धनही शेणाचा, उताणाच झोपलेला. पुरुषांना ते कुठून ठाऊक असणार, घरातलं शेण बायकाच थापतात! भरपाई खाली बसली, राजाचा तुटलेला हात तिने नव्याने लिंपला, मग अंगठ्याने त्याच्या पोटात खोल बेंबी केली. त्यांच्याकडे त्यात दूध ओततात. खरं तर गोवर्धन उचलणारा आणि बळीला पाताळात घालणारा देव एकच, म्हणजे आमचा राजा त्यांच्या देवाने गाडलेला. मी ते सांगायला तोंड उघडलं. वहिनीने माझा हात दाबला.

घरी आल्यावर तिला सणकून ताप भरला. मी उशाशी बसले. मनात राहून राहून एकच येत होतं, ते विचारलंच.

"अगं, ते लोक येताना दिसले तेव्हा पळाली का नाहीस?"

"पाय हलले तर ना," ती म्हणाली. "भीतीने पायच गेले होते."

"आणि आधी? थडग्यातून रडणं ऐकू आलं तेव्हा? ओरडत का नाही आलीस घरी?"

"मला वाटलं, भूत आहे. खरंच सांगते, दातखीळ बसायची बाकी होती. पण रडत होतं गं. लहान होतं. एकटं कसं टाकून यायचं? म्हणून तिथेच बसून बोलत राहिले. मग ऐकता ऐकता वाटलं, भुताला कुठे खोकला येतो?"

ज्या बाईला पालीच्या शेपटीची भीती वाटते, ती एका भुताला सोबत करत बसली होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

लोकांना वाटतं, असं काही झालं की माणूस धीट होतो. ते खोटं आहे. वहिनी त्यानंतर घुमटीकडे गेली नाही. उंबरठ्यावरची रांगोळीही बंद केली. बेल वाजली की ती आतल्या खोलीत जायची. रस्त्यात चार माणसं एकत्र दिसली की माझी बाही धरायची. मी मोहरीची फुलं आणली, निंबोळ्या आणल्या, रागावले, हात जोडले. निंबोळ्या परडीत सुकून गेल्या. हात रिकामे होते, आणि भीतीला घरभर जागा झाली होती. ती आता अशीच जाणार, हे मी मनाशी धरून चालले होते.

पुढल्या पाडव्याला सकाळी बेल वाजली. "उघडू नकोस," वहिनी आतून म्हणाली. खालून चौकीदाराशी कुणाचं तरी कडाक्याचं भांडण वरपर्यंत येऊन पोचलं होतं. मी दार उघडलं. दारात भरपाई, डोक्यावर शेणाची पाटी, आणि तिचा घागरा धरून मोनी. मोनीच्या मुठीत निंबोळ्या होत्या, जून-जुलैपासून जपून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या.

"ताई कित सै?" भरपाई म्हणाली. "दिन चढ़ग्या."

वहिनी पडद्याआडून बघत होती. मोनी सरळ आत गेली आणि तिच्या साडीला लोंबकळली. वहिनीने चपला घालायला किती वेळ लावला! एकदा घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

लिफ्टमध्ये आमच्याआधी वरच्या मजल्यावरचं एक नटलेलं कुटुंब होतं, मिठाईचे डबे घेऊन निघालेलं. आम्ही चौघी आणि शेणाची पाटी आत शिरलो. त्यातल्या बाईंनी नाकाला रुमाल लावून पण सणासुदीच्या गोडव्याने मोनीला विचारलं, "बेटा, सुबह सुबह कहाँ जा रहे हो?"

"बलि देण," मोनी खणखणीत म्हणाली. "ताई के साथ."

पुढच्या मजल्यावर दार उघडलं आणि ते कुटुंब मिठाईसकट बाहेर पडलं. लिफ्ट खाली झाली. हिंदीतलं खाली.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात माझ्या हातात होता, घामाने थंडगार. तिने दुसऱ्या हाताने मोनीचं बोट धरलं आणि लिफ्टवाल्याला म्हणाली, "भैया, खाली."

त्या वर्षापासून वहिनीच्या बळीराजाला बेंबी असते.